टॅकोमाचा पूल आणि वाऱ्याचा बोगदा

अनुनादाचा पाठ शिकवताना आपण बहुतेक जण दोन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट सैनिकांची. पुलावरून जाताना सैनिकांना पावले मोडून चालायला सांगतात, नाहीतर पावलांचा ठेका आणि पुलाचा स्वतःचा ठेका जुळून पूल पडू शकतो. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या टॅकोमा पुलाची. १९४० साली वाऱ्याचा ठेका पुलाच्या ठेक्याशी जुळला, पूल हेलकावे खाऊ लागला आणि शेवटी नदीत पडला, असे आपण सांगतो. फळ्यावर आकृती काढतो, मुले वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो.

आम्हीही पुष्कळ वर्षे हेच सांगत आलो. आमच्या वाशिम जिल्ह्यात एकही मोठा झुलता पूल नाही. पैनगंगेवरचे आणि अडाण नदीवरचे पूल भक्कम खांबांवर बसलेले, दोन खांबांमधले अंतरही थोडे. त्यामुळे वाऱ्याने पूल पडतो ही गोष्ट मुलांना नवलाची वाटते आणि नवल वाटले की प्रश्न येतात. त्यातला एक साधा प्रश्न आम्हाला अडवून गेला. झोक्याला आपण थांबून थांबून धक्का देतो, सैनिकही एकेक पाऊल टाकतात. पण वारा तर सलग वाहत होता. मग त्याला ठेका कुठून आला?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो तेव्हा लक्षात आले, की सैनिकांची गोष्ट खरी आहे. १८३१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा झुलता पूल पावले जुळवून चालणाऱ्या सैनिकांखाली कोसळला. टॅकोमाची गोष्ट मात्र आपण सांगतो तशी घडलेली नाही. ती खरी कशी घडली हे कळले ते पुलांच्या लहान प्रतिकृतींवर वारा सोडून. त्याचा इतिहास आपण येथे पाहू.

तत्पूर्वी एका शब्दाचा खुलासा करायला हवा. ज्या बंदिस्त नळकांड्यात पंख्याने एकसारखा, मोजता येणारा वारा सोडतात त्याला इंग्रजीत विंड टनेल आणि आपल्या परिभाषेत वातविवर म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला वाऱ्याचा बोगदा म्हणू. पहिला असा बोगदा १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅम यांनी बनवला. १९०१ मध्ये राइट बंधूंनी सुमारे सहा फूट लांबीच्या लाकडी खोक्यात पंखांचे कितीतरी आकार तपासले आणि मगच विमान बांधले. म्हणजे विमानवाल्यांना बोगदा आधीपासून ठाऊक होता. पूल बांधणाऱ्यांना त्याची गरज वाटायला आणखी चाळीस वर्षे लागली.

विसरलेला धडा

झुलत्या पुलाची रचना सोपी असते. दोन काठांवर दोन उंच मनोरे. त्यांवरून दोन जाड केबल टाकलेल्या, दोन्ही टोकांना जमिनीत पक्क्या गाडलेल्या. केबलला ठरावीक अंतरावर उभे दोर बांधलेले आणि त्या दोरांना रस्ता टांगलेला. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी डोळ्यापुढे आणली तरी चालेल. मध्ये खांब नको असल्याने खोल पाण्यावर, दरीवर हा पूल सोयीचा. अडचण एवढीच, की टांगलेली वस्तू हलते.

हे जुन्या लोकांनी अनुभवले होते. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर साखळ्यांनी टांगलेला एक धक्का होता. १८३६ च्या वादळात त्याचा एक भाग मोडला. विल्यम रीड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ते पाहिले आणि त्याची चित्रे काढली. त्या चित्रात रस्ता पिळवटलेला दिसतो, एक कड वर तर दुसरी खाली. १८५४ मध्ये अमेरिकेत ओहायो नदीवरचा व्हीलिंगचा पूल असाच वाऱ्याने पडला. त्याचा मधला गाळा ३०८ मीटरचा होता.

जॉन रोबलिंग या अभियंत्याने यातून धडा घेतला. पूल नुसता टांगू नये, त्याला वजन असावे, रस्त्याला खोल कैच्यांची ताठर चौकट असावी आणि वर तिरकस ताण द्यावेत, असा त्याचा आग्रह होता. १८५५ मध्ये त्याने नायगाराच्या घळीवर रेल्वे जाईल असा झुलता पूल उभा केला. त्याच्याच आराखड्यावरून बांधलेला ब्रुकलिनचा पूल १८८३ मध्ये सुरू झाला आणि आजही वापरात आहे.

पुढे पूल पडेनासे झाले. पूल पडेनासे झाले म्हणून भीती गेली आणि भीती गेली म्हणून धडाही विसरला गेला. त्याच काळात गणित पुढे गेले. लांब पुलाच्या केबल स्वतःच्या वजनाने आणि ताणाने बराचसा भार सावरून घेतात, तेव्हा रस्त्याखालची चौकट फार ताठ असण्याची गरज नाही, हे या गणिताने दाखवले. गणित बरोबरच होते. वाऱ्याचा विचारही त्यात होता. पण एका बाजूने सतत रेटणारा दाब, एवढाच. भिंतीला आपण खांदा लावून रेटतो तसा. वारा टांगलेल्या वस्तूला हलवू शकतो, हे त्या गणितात नव्हते. परिणामी पूल लांब, हलके आणि सडपातळ होत गेले. ते दिसायला देखणे आणि खर्चाला स्वस्त होते.

सडपातळ पूल

टॅकोमा हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले गाव. तेथे समुद्राची एक अरुंद, खोल खाडी आहे. तिच्यावरच्या पुलासाठी राज्याचे अभियंता क्लार्क एल्ड्रिज यांनी एक आराखडा केला. त्यात रस्त्याखाली २५ फूट खोल कैच्यांची चौकट होती आणि खर्चाचा अंदाज होता १ कोटी १० लाख डॉलर. हा खर्च जास्त वाटला. न्यूयॉर्कचे नामांकित अभियंता लिऑन मोइसेफ यांनी नवा आराखडा दिला. त्यात कैच्यांच्या जागी रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्त ८ फूट उंचीचे पोलादी पत्र्याचे भरीव गर्डर होते. पूल सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये झाला.

मोइसेफ सामान्य अभियंते नव्हते. सडपातळ पुलांच्या गणितात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. सॅनफ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या सल्लागारांतही ते होते. पण दोन पुलांचे आकडे शेजारी ठेवून पाहू. गोल्डन गेटचा मधला गाळा १२८० मीटर आणि रुंदी सुमारे २७ मीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या ४७ पट. टॅकोमाचा गाळा ८५३ मीटर आणि रुंदी जेमतेम १२ मीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या ७२ पट. गर्डरची उंची तर गाळ्याच्या ३५० वा भाग. पुढाऱ्याच्या सभेसाठी रस्त्यावर आडवी बांधलेली कापडी पट्टी जशी, तसे हे प्रमाण.

१ जुलै १९४० रोजी पूल सुरू झाला. बांधकाम चालू असतानाच तो वर-खाली हलू लागला होता. थोड्या वाऱ्यातही रस्त्यावर लाटा उठत. पुढची मोटार लाटेमागे दिसेनाशी होई आणि पुन्हा वर येई. लोकांनी त्याला 'गॅलपिंग गर्टी', म्हणजे उधळणारी गर्टी, असे नाव ठेवले. मौज म्हणून लांबून लोक येत.

अधिकारी मात्र स्वस्थ नव्हते. मनोऱ्यांपाशी धक्के शोषणारी यंत्रे बसवली. पण वाळूच्या माऱ्याने पोलाद साफ करताना त्यांच्या झडपांमध्ये वाळू गेली आणि ती निकामी झाली. मध्यावर केबलपासून रस्त्यापर्यंत तिरके ताण दिले. बाजूच्या गाळ्यांना जाड तारांनी काठावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांशी बांधले. त्यातल्या तारा नोव्हेंबरच्या आरंभीच तुटल्या. यांतला प्रत्येक उपाय अंदाजाने केलेला होता. पूल का हलतो, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

प्रयोगशाळेतला पूल

ते शोधण्याचे काम सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातले स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक एफ. बी. फार्कुहार्सन यांच्याकडे आले. त्यांनी दोन प्रकारच्या प्रतिकृती केल्या. एक होती संपूर्ण पुलाची, खऱ्याच्या २०० व्या भागाएवढी. तिच्यावरून पूल कोणकोणत्या तऱ्हांनी हलू शकतो ते कळत होते. दुसरी होती रस्त्याच्या फक्त एका तुकड्याची, २० व्या भागाएवढी. हा तुकडा स्प्रिंगांवर टांगून बोगद्यातल्या वाऱ्यात धरायचा, वाऱ्याचा वेग हळूहळू वाढवायचा आणि तुकडा काय करतो ते पाहायचे.

तुकड्याची ही युक्ती फार उपयोगी ठरली. पुलाचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच आकाराचा असतो. म्हणून वारा त्याच्या एका तुकड्याशी जसा वागतो तसाच सगळ्या रस्त्याशी वागेल असे धरता येते. शिवाय तुकडा लहान असल्याने त्याचा आकार चटकन बदलून पाहता येतो. गर्डरला भोके पाडून पाहा, कडेला निमुळता पत्रा लावून पाहा, पुन्हा वारा सोडा.

फार्कुहार्सन यांनी हेच केले. तेव्हा दिसले, की सगळा दोष त्या भरीव, उभ्या गर्डरच्या आकारात आहे. रस्ता आणि त्याच्या दोन कडांचे गर्डर मिळून इंग्रजी एच अक्षरासारखा छेद होतो. त्याच्या धारदार कडेवर वारा आपटतो, फाटतो आणि वर-खाली भोवरे उठवतो. उपाय दोन निघाले. गर्डरला मोठी भोके पाडून वारा आरपार जाऊ द्यायचा किंवा गर्डरच्या बाहेर निमुळते पत्रे लावून वारा सरळ घसरू द्यायचा. हे प्रयोग २ नोव्हेंबर १९४० रोजी पूर्ण झाले. पत्रे लावण्याची तयारी सुरू झाली.

पूल पडला तो ७ नोव्हेंबरला.

७ नोव्हेंबर १९४०

त्या सकाळी वारा ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने वाहत होता. पुलाच्या आराखड्यात याहून पुष्कळ जोराच्या वाऱ्याचा दाब धरलेला होता. सकाळी पूल नेहमीसारखा वर-खाली हलत होता, मिनिटाला छत्तीसएक वेळा. फार्कुहार्सन छायाचित्रे घ्यायला पुलावर आले होते. दहाच्या सुमारास मध्यावरचा, केबलला रस्त्याशी जखडणारा पट्टा उत्तरेच्या बाजूला सरकला. त्याबरोबर हालचालीची तऱ्हाच बदलली. रस्ता वर-खाली होण्याऐवजी पिळू लागला. मधल्या रेषेच्या एका अंगाला डावी कड वर तर दुसऱ्या अंगाला उजवी कड वर, मिनिटाला बारा ते चौदा वेळा. ब्रायटनच्या धक्क्याचे जे चित्र १८३६ मध्ये काढले गेले होते तेच १०४ वर्षांनी पुन्हा दिसत होते.

लिओनार्ड कोट्सवर्थ नावाचे वृत्तपत्रातले गृहस्थ मोटारीतून पूल ओलांडत होते. मोटार घसरू लागल्यावर ते बाहेर पडले आणि रस्त्यावरून रांगत काठाला आले. त्यांचा कुत्रा टबी मोटारीतच राहिला. फार्कुहार्सन त्याला आणायला मोटारीपर्यंत गेले. पण घाबरलेला कुत्रा त्यांनाच चावला. पूल पिळत असला तरी मधली रेषा जवळजवळ स्थिर असते, हे त्यांना आपल्या प्रतिकृतीवरून माहीत होते. त्या रेषेवरून चालत ते परतले. अकराच्या सुमारास मधला गाळा तुकड्यातुकड्यांनी खाडीत कोसळला. माणूस एकही दगावला नाही. टबी मात्र मोटारीबरोबर गेला.

प्रयोग संपून पाच दिवस झाले होते. निदान झाले होते, औषधही ठरले होते. ते पाजायला वेळ मिळाला नाही. आम्हाला या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. जी प्रतिकृती पूल बांधण्याआधी करायची ती बांधून झाल्यावर, तो हलू लागल्यावर केली गेली.

मोठे लहान करताना

चौकशीसाठी तीन तज्ज्ञ नेमले गेले: पूलबांधणीतले ओथमार अमान व ग्लेन वुड्रफ आणि वायुगतिशास्त्राचे थिओडोर फॉन कारमान. अमान यांचा न्यूयॉर्कमधला ब्राँक्स-व्हाइटस्टोन पूलही भरीव गर्डरचाच होता आणि तोही वाऱ्यात हलत होता. फॉन कारमान विमानविद्येतले. त्यांनी पुलाची रबरी प्रतिकृती घरी नेऊन टेबलफॅनसमोर धरली आणि ती हलताना पाहिली. मार्च १९४१ मध्ये समितीचा अहवाल आला. पुलाचे आराखडे त्या काळच्या मान्य रीतीप्रमाणेच होते, चूक त्या रीतीतच होती, असा त्याचा मतितार्थ. यापुढे मोठ्या झुलत्या पुलाचा वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास व्हायला हवा, हे सर्वांना पटले.

नव्या पुलासाठी वॉशिंग्टन विद्यापीठात खास बोगदा बांधण्यात आला. त्यात ५० व्या भागाएवढी, जवळजवळ शंभर फूट लांबीची संपूर्ण पुलाची प्रतिकृती बसवली. येथे एक प्रश्न उठतो आणि तो वरच्या वर्गांत गणित म्हणून देण्याजोगा आहे. पूल ५० पट लहान केला, तर वाराही ५० पट मंद करायचा का?

उत्तर आहे, नाही. टांगलेला पूल मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर जागेवर परततो, म्हणून त्याला लंबकाचा नियम लागू पडतो. लंबकाची लांबी ५० पट कमी केली, तर आवर्तकाल ५० पट कमी होत नाही; तो ५० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ७ पट कमी होतो. लांबी ५० पट कमी आणि काळ ७ पट कमी, तेव्हा वेग झाला ७ पट कमी. ताशी ६८ किलोमीटरचे वादळ प्रतिकृतीसाठी ताशी साडेनऊ किलोमीटरची झुळूक होते, सायकलवर सावकाश जाताना तोंडावर येते तेवढी. खरा पूल मिनिटाला १२ वेळा पिळत असेल, तर प्रतिकृती मिनिटाला ८५ वेळा पिळेल.

वजनाचेही तसेच. टॅकोमाच्या रस्त्याचे वजन केबलसह दर मीटरला सुमारे साडेआठ हजार किलो होते. प्रतिकृतीत रुंदी ५० पट कमी आणि उंचीही ५० पट कमी, म्हणून दर मीटरचे वजन २५०० पट कमी, म्हणजे साधारण ३.४ किलो असायला हवे. ताठरपणाही त्याच हिशेबात कमी करावा लागतो. म्हणून पुलाची प्रतिकृती ही प्रदर्शनातल्या शोभेच्या देखाव्यासारखी नसते. तिचे वजन, तिचा ताठरपणा आणि तिच्यावरचा वारा हे सगळे एकमेकांशी जुळवून बांधलेले असतात.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. हवेचा चिकटपणा प्रतिकृतीसाठी लहान करता येत नाही. गोल आकाराच्या वस्तूवरून वारा नेमका कोठे सुटेल ते या चिकटपणावर बरेच अवलंबून असते, त्यामुळे तेथे प्रतिकृती फसवू शकते. पुलाच्या रस्त्याला धारदार कडा असतात आणि मोठा असो वा लहान, वारा त्या कडेपाशीच सुटतो. त्यामुळे पुलांच्या बाबतीत प्रतिकृतीची साक्ष बरीच भरवशाची ठरते.

नवा पूल १४ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाला. त्याला ३३ फूट खोल कैच्यांची चौकट होती. रस्त्याच्या मार्गिकांमध्ये लोखंडी जाळ्या ठेवल्या होत्या, म्हणजे वारा खालून वर निघून जाई. तो पूल आजही उभा आहे.

मग ठेका कोणाचा?

आता वर्गातल्या प्रश्नाकडे येऊ. वारा सलग वाहत होता, मग ठेका कुठून आला?

उन्हाळ्यात कारंजा-मंगरूळपीरच्या रस्त्याने जाताना कडेच्या विजेच्या तारा गुणगुणताना ऐकू येतात. तारेमागे वारा एकदा वरच्या आणि एकदा खालच्या अंगाने भोवरे सोडतो, त्यामुळे तार थरथरते. या भोवऱ्यांची वारंवारता काढण्याचा सोपा नियम आहे: वाऱ्याचा वेग भागिले वस्तूची जाडी, गुणिले एक ठरावीक अंक. गोल तारेसाठी तो अंक सुमारे ०.२. वारा सेकंदाला ५ मीटर आणि तार १ सेंटिमीटर जाड, तर वारंवारता येते १००. आपल्याला ऐकू येते तो हाच सूर.

म्हणजे सलग वाऱ्यातूनही ठेका निघतो. टॅकोमाला हाच ठेका पुलाशी जुळला, असे पुस्तके सांगतात. आपण हिशेब करून पाहू. त्या दिवशी वारा सेकंदाला सुमारे १९ मीटर, गर्डरची उंची सुमारे २.४ मीटर आणि अशा छेदासाठी तो अंक ०.११ ते ०.१२. उत्तर येते सेकंदाला ०.९ च्या आसपास. पूल पिळत होता सेकंदाला ०.२ वेळा, म्हणजे पाच सेकंदांत एकदा. दोन ठेके जुळत नाहीत. जवळपासही नाहीत. सुटत्या भोवऱ्यांशी झालेला अनुनाद हे कारण असणे फार असंभवनीय आहे, असे १९४१ च्या अहवालातच म्हटले होते.

मग खरे कारण काय? शाळेतली प्रार्थनेची पेटी आठवा. भाता सलग हवा देतो, त्या हवेला कसलाही ठेका नसतो. तरी आतली पितळी पट्टी आपल्याच सुरात कंप पावते. पट्टी थोडी हलली की हवेची वाट बदलते, वाट बदलली की पट्टीवरचा जोर बदलतो आणि तो जोर पट्टीला आणखी हलवतो. हालचालच आपल्याला हवा तो जोर निर्माण करते.

टॅकोमाचे तेच झाले. रस्ता जरासा पिळला की वाऱ्याकडच्या कडेवर मोठा भोवरा तयार होई आणि तो रस्त्याच्या रुंदीवरून मागे सरकत जाई. भोवऱ्याच्या पोटात दाब कमी असतो, तो जेथे असेल तेथे रस्ता ओढला जातो. ठरावीक वेगाच्या पुढे ही ओढ नेमकी पिळण्याच्याच दिशेला मिळू लागते. एरवी पूल हलला की सांध्यांच्या घर्षणात थोडी ऊर्जा खर्च होऊन तो शांत होतो. येथे उलटे झाले. प्रत्येक हेलकाव्यात जेवढी ऊर्जा खर्च होई त्याहून जास्त वाऱ्याकडून मिळे. हेलकावा वाढला की भोवरा मोठा, भोवरा मोठा की हेलकावा आणखी वाढला. ठेका पुलाचा स्वतःचाच होता. वाऱ्याने फक्त बळ पुरवले. अभियंते याला फ्लटर म्हणतात. आपण त्याला स्वयंप्रेरित फडफड म्हणू.

अनुनादात आणि यात व्यवहाराचा फरक मोठा आहे. अनुनाद ठरावीक वेगालाच होतो. वारा वाढला की ठेका बिघडतो आणि हालचाल कमी होते. फडफड एका वेगाला सुरू झाली की वारा वाढेल तशी वाढतच जाते. म्हणून पूल बांधणाऱ्याला बोगद्यातून एक आकडा हवा असतो: कोणत्या वेगाला फडफड सुरू होईल? आणि तो आकडा त्या जागी कधीही वाहू शकेल अशा वाऱ्याच्या पुष्कळ वर हवा. रॉबर्ट स्कॅनलन यांनी १९७१ मध्ये तुकड्याच्या प्रतिकृतीवरून हा आकडा काढण्याची पद्धत घालून दिली. त्यांनी आणि युसूफ बिल्ला यांनी १९९१ मध्ये पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांसाठी असलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून पाठ्यपुस्तकांतली ही चूक दाखवून दिली. लेखाला तीस वर्षे होऊन गेली, तरी वर्गातली गोष्ट फारशी बदललेली नाही.

पुढची वाट

टॅकोमानंतर इंग्लंडमधल्या सेव्हर्न पुलासाठी बोगद्यात प्रयोग झाले आणि कैच्यांच्या जागी विमानाच्या पंखासारखी निमुळत्या कडांची चपटी पोलादी पेटी आली. हा पूल १९६६ मध्ये सुरू झाला. फार्कुहार्सन यांनी जे निमुळते पत्रे सुचवले होते त्याच कल्पनेचे हे पुढचे रूप म्हणता येईल. जपानच्या आकाशी-कैक्यो पुलासाठी, ज्याचा गाळा १९९१ मीटर आहे, १०० व्या भागाएवढी ४० मीटर लांब प्रतिकृती तपासली गेली. तो पूल १९९८ मध्ये सुरू झाला.

आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वाऱ्याचा मोठा बोगदा आहे. कोलकात्याच्या विद्यासागर सेतूच्या चाचण्या या संस्थेतच झाल्या. हा पूल झुलता नाही. त्याचा रस्ता मनोऱ्यांपासून निघालेल्या तिरक्या केबलींनी थेट ताणून धरलेला आहे. १९९२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचा ४५७ मीटरचा गाळा होता. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २००९ चा, याच जातीचा. आमच्या शेजारी अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला सुमारे ४०० मीटर लांबीच्या झुलत्या पादचारी पुलाचे काम सिडकोने हाती घेतले आणि त्याचे एक टोक हरिकेन पॉइंटला ठरले. नावातच वादळ आहे. विदर्भातल्या मुलांना हा विषय आता तितकासा परका राहिलेला नाही.

पण एकदा बोगद्यात तपासले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. चीनमधला हुमेन पूल १९९७ पासून सुखरूप उभा होता. मे २०२० मध्ये तो एकाएकी लाटांसारखा हलू लागला. दुरुस्तीसाठी त्याच्या कडेला पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या अडथळ्यांची रांग लावली होती. त्यामुळे रस्त्याच्या छेदाचा आकार बदलला, भोवरे वेगळे सुटू लागले आणि त्यांचा ठेका पुलाशी जुळला. हे मात्र तारेच्या गुणगुणण्यासारखे होते, आणि मर्यादेत राहिले. अडथळे काढले गेले. पूल पडला नाही. वर्गात भोवऱ्यांच्या ठेक्याचे उदाहरण द्यायचेच असेल, तर टॅकोमाऐवजी हुमेनचे द्यावे.

वर्गात करून पाहू

हा प्रयोग टेबलफॅनवर होतो. थर्माकोलची पाऊण हात लांब, चार बोटे रुंद पट्टी घ्या. तिच्या दोन्ही लांब कडांना जाड पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या चिकटवा, थोड्या वर आणि थोड्या खाली येतील अशा. झाला टॅकोमाचा छेद. ही पट्टी चार कोपऱ्यांना चार रबरबँड वर आणि चार खाली बांधून लाकडी चौकटीत आडवी टांगा. पंख्याचा वारा गिरक्या घेत येतो, तो सरळ करायला शीतपेयाच्या नळ्यांची जुडी मध्ये उभी करा. खऱ्या बोगद्यातही अशीच पोळ्यासारखी जाळी असते.

आधी वारा न सोडता बोटाने पट्टी पिळून सोडा आणि दहा पिळांना लागणारा वेळ घड्याळावर मोजा. मग पंखा हळू, मध्यम, जोरात असा लावून पाहा. पट्टी कधी वर-खाली हलेल, कधी पिळेल, कधी नुसती थरथरेल. पिळू लागली, तर पुन्हा दहा पिळांचा वेळ मोजा आणि आधीच्या वेळेशी ताडून पाहा. मग पुठ्ठ्याला भोके पाडा किंवा कडेला कागदाचे निमुळते नाक चिकटवा आणि पुन्हा वारा सोडा. पहिल्या खेपेला जमले नाही, तर रबरबँड सैल-घट्ट करून पाहा. फार्कुहार्सन यांनाही आकार पुन्हा पुन्हा बदलावे लागले होते.

आमच्याकडे खळ्यावर उपणायला उभा राहिलेला शेतकरी सगळी रास एकदम वाऱ्यावर धरत नाही. आधी मूठभर भुसा उधळून वारा कसा आहे ते बघतो. टॅकोमाच्या लोकांनी मूठ उधळली ती रास वाऱ्यावर गेल्यानंतर. पुढच्या वेळी अनुनादाचा पाठ येईल तेव्हा आम्ही सैनिकांची गोष्ट तशीच सांगणार आहोत. टॅकोमाची गोष्ट मात्र वेगळी काढून, पेटी आणि टेबलफॅन टेबलावर ठेवून सांगू. आणि वारा तर सलग होता, मग ठेका कोणाचा, हे एखाद्या मुलाने विचारले नाही, तर आपणच विचारू.